श्रीलंकेत बारा रात्री: कुठे राहायचं, किती वाजता निघायचं

नकाशावर श्रीलंका एवढीशी दिसते. ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा देश. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, पाच-सहा दिवसांत सगळं होईल. आम्हालाही तसंच वाटलं. पहिल्या खेपेला सहा रात्रींत सहा मुक्काम केले. आईला कँडीच्या दळदा मंदिरातली, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या मंदिरातली, संध्याकाळची पूजा बघायची होती, खरं तर तेवढ्यासाठीच ती आली होती. वाटेत गाडी अडकली, पोचेपर्यंत साडेआठ वाजले आणि मंदिर बंद झालं होतं. ती काही बोलली नाही. बाहेरच चपला काढून, हात जोडून उभी राहिली.

दोन वर्षांनी तिला घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा सगळा प्रवास त्या पूजेच्या वेळेभोवती बांधला. खालची आखणी त्या दुसऱ्या खेपेची आहे. मुक्काम कमी करायचे, एका जागी दोन-तीन रात्री टिकायचं आणि जे बघायचं ते सकाळी लवकर. या देशातले रस्ते चांगले आहेत, पण वळणाचे आणि गावागावांतून जाणारे आहेत. द्रुतगती मार्ग सोडले तर तासाला पस्तीस-चाळीस किलोमीटरच धरा.

आधी पाऊस बघा, मग महिना ठरवा

या बेटावर दोन मोसमी पाऊस पडतात आणि ते एकाच वेळी सगळीकडे पडत नाहीत. मे ते सप्टेंबर नैऋत्येचे वारे, म्हणजे आपल्या कोकणात येतात तेच, कोलंबो, गॉल आणि मधल्या डोंगरांच्या पश्चिम उतारावर पाऊस ओततात. तेव्हा पूर्व किनारा कोरडा ठणठणीत असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचे वारे उत्तर आणि पूर्व भागाला भिजवतात, आणि दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर लख्ख ऊन असतं. मधले ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन महिने बेभरवशाचे. दुपारनंतर आभाळ गडगडतं आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच सुमारास येतात.

माझ्या मते या मार्गासाठी जानेवारीचा शेवट ते मार्च हा उत्तम काळ. नाताळच्या आठवड्यात हॉटेलांचे भाव चढलेले असतात. मुलांच्या शाळेमुळे मेमध्येच जमत असेल तरी बेत मोडू नका, फक्त किनारा बदला. गॉलऐवजी पूर्वेचं त्रिंकोमाली धरा. सिगिरियाहून ते तुलनेने जवळ आहे, समुद्र तेव्हा शांत असतो आणि स्वामी रॉकच्या कड्यावरचं कोणेश्वरम् हे शंकराचं देऊळही होतं. जुनं देऊळ सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं, आजचं नंतर उभं राहिलेलं आहे. खाली सरळ समुद्र. आपल्याकडच्या हरिहरेश्वरची आठवण होते.

तारखा ठरवताना पौर्णिमाही बघा. दर पौर्णिमेला तिथे ‘पोया’ असतो. सार्वजनिक सुट्टी, दारूविक्री बंद, देवळांत प्रचंड गर्दी. गर्दी नको असेल तर तो दिवस डोंगरात काढा. पण पांढऱ्या कपड्यांतली शेकडो कुटुंबं दिवे लावताना बघायची असतील, तर तो मुद्दाम अनुराधपुर या जुन्या राजधानीत काढा. मेमधल्या वेसाकला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, रस्तोरस्ती कंदील लागतात आणि ‘दन्सल’ नावाचे मांडव पडतात, तिथे येईल त्याला फुकट जेवायला घालतात.

कागदपत्रं आणि पैसे

पासपोर्ट किमान सहा महिने चालू असला पाहिजे. प्रवासाची परवानगी, म्हणजे ईटीए, निघण्याआधी सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. मिळत्याजुळत्या नावाची दलालांची संकेतस्थळं वर जास्तीचे पैसे लावतात. भारतीयांसाठीचं शुल्क आणि सवलती गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलल्या आहेत, म्हणून मित्राने गेल्या वर्षी काय केलं यावर विसंबू नका. विमानाचं तिकीट काढण्याआधी स्वतः बघा. परतीचं तिकीट आणि पहिल्या हॉटेलचं बुकिंग छापून जवळ ठेवा.

मुंबईहून थेट विमान अडीच तासांच्या आसपास घेतं. घड्याळ बदलावं लागत नाही, वेळ आपलीच. विमानतळ कोलंबोत नसून तीसेक किलोमीटर उत्तरेला कटुनायकेला आहे. एका भारतीय रुपयाला तीनाहून जास्त श्रीलंकन रुपये मिळतात, त्यामुळे पहिल्या दिवशी दोनशे रुपयांचं शहाळं ऐकून दचकू नका. फेब्रुवारी २०२४ पासून आपलं यूपीआयही तिथे चालू झालंय, पण खेड्यातल्या दुकानात आणि देवळाबाहेर रोख लागतेच. सिमकार्ड विमानतळावरच घ्या. चौकोनी तीन पिनांचा ॲडॅप्टर बरोबर ठेवा.

पुरातन स्थळांची परदेशी पर्यटकांची तिकिटं महाग आहेत. सिगिरियाचं एकट्याचं तीस डॉलरच्या वर जातं. पण सार्क देशांच्या नागरिकांना बहुतेक मोठ्या स्थळांवर सवलत मिळते, आणि ती मिळवायला मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. हॉटेलच्या तिजोरीत पासपोर्ट ठेवून गेलात तर पूर्ण दर भरावा लागेल.

मुक्कामांची आखणी

बारा रात्री अशा वाटा: पहिली नेगोंबोत, तीन सिगिरिया-हबराना परिसरात, दोन कँडीत, दोन एलाला, एक तिस्समहारामला, दोन गॉलला आणि शेवटची कोलंबोत. आठच रात्री असतील तर एला, तिस्समहाराम आणि कोलंबो सोडा आणि कँडीहून खाली थेट गॉलला उतरा. जोडीला जाफना, त्रिंकोमालीही उरकू, असं करू नका. उत्तरेसाठी वेगळी खेप काढा. तिथलं नल्लूरचं कंदस्वामी मंदिर, बेटावरचं नागपूषणी अम्मन देवीचं देऊळ, ताडाची झाडं हे सगळं निवांत बघायचं आहे.

गाडी चालकासह ठरवणं सगळ्यांत सोयीचं. आधी तीन गोष्टी लिहून घ्या: रोजचे किलोमीटर किती, पेट्रोल आणि द्रुतगती मार्गाचा टोल कुणाकडे, चालकाच्या राहण्याजेवणाचं काय. पुष्कळ हॉटेलांत चालकांसाठी वेगळी खोली असते, पण बुकिंग करतानाच विचारा. दिवसभर आपल्याला सांभाळणारा माणूस रात्री गाडीत झोपला तर ते आपल्यालाही शोभत नाही. चालक मसाल्याच्या बागा आणि रत्नांच्या दुकानांकडे नेऊ लागला, तर पहिल्याच दिवशी नम्रपणे ‘नको’ म्हणून सांगा, तो वाईट वाटून घेत नाही. शहरात फिरायला टुकटुक आहेच. ॲपवरून बोलावली की भावाची घासाघीस वाचते.

हबरानाच्या आसपास अंधार पडल्यावर प्रवास टाळा. रस्त्यावर रानहत्ती येतात.

सिगिरिया: सात वाजता पायथ्याशी

सिगिरिया म्हणजे सिंहगिरी. सपाट रानातून सुमारे १८० मीटर उंच उठलेला एकच खडक, आणि त्याच्या माथ्यावर कश्यप राजाने इ. स. ४७७ ते ४९५ या अठरा वर्षांत थाटलेली राजधानी. सुमारे बाराशे पायऱ्या आहेत. सकाळी सातच्या आत दारात उभे राहा. नऊनंतर खडक तापतो आणि लोखंडी जिन्यावर रांग लागते.

क्रम असा असतो. आधी जलोद्यानं. हे तुकडे घाईने ओलांडू नका, पावसाळ्यात इथली काही कारंजी पंधराशे वर्षांनंतरही उडतात. मग दगडधोंड्यांतून वर चढ, मग गोल जिन्याने भित्तिचित्रांच्या खोबणीत. ढगांतून कमरेपासून वर निघालेल्या त्या स्त्रिया, हातात फुलं. अजिंठा बघितलेल्या माणसाला बोटांची ठेवण लगेच ओळखीची वाटते. तिथे फोटो काढायला मनाई आहे, ती पाळा. पुढे आरशासारखी घोटलेली भिंत लागते. सहाव्या शतकापासून येणाऱ्या प्रवाशांनी तिच्यावर सिंहली भाषेत कविता कोरून ठेवल्या आहेत, बहुतेक त्या चित्रांतल्या स्त्रियांना उद्देशून. मग सिंहाचे दोन प्रचंड पंजे, आणि त्यांच्यामधून शेवटचा उभा चढ.

जेजुरी सहज चढणाऱ्या माणसाला इथे अडचण नाही. गुडघे दुखत असतील तर पंजांच्या सपाटीवर थांबा, तिथून वरचा भाग डोक्यावरच दिसतो आणि बसायला सावलीही आहे. आई तिथेच थांबली होती. कड्यावर आग्यामाश्यांची मोठी पोळी आहेत, म्हणून तिथे मोठ्याने बोलू नका, अत्तर लावून जाऊ नका. चढउतार धरून अडीच-तीन तास लागतात.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण या सगळ्या कोरड्या प्रदेशाची किल्ली त्यात आहे. कश्यपाने आपल्या बापाला, धातुसेनाला, पदच्युत करून खजिना कुठे आहे ते विचारलं. जुन्या बखरीत लिहिलंय की धातुसेन त्याला स्वतः बांधलेल्या कलावेव तलावाकडे घेऊन गेला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, माझी संपत्ती ती हीच. त्याला प्राण गमवावे लागले. तो तलाव आजही भरलेला आहे, त्याच्या पाण्यावर आजही भात पिकतो. ‘वेव’ हा शब्द आपल्या ‘वापी’पासूनच आला. या भागात असे हजारो तलाव आहेत. आतल्या पाण्याच्या दाबाने बांध फुटू नये म्हणून दगडी चौकोनी विहीर बांधून तिच्यातून पाणी सोडायचं, ही युक्ती इथल्या कारागिरांनी दोन हजार वर्षांपूर्वी काढली. कलावेवला जाल तर जवळच औकनचा उभा बुद्धही बघा. एका अखंड खडकातून काढलेला, सुमारे बारा मीटर उंच, चेहऱ्यावर सकाळचं ऊन पडतं.

डंबुल्ला आणि दोन राजधान्या

डंबुल्लाच्या लेण्यांना दुपारी चारनंतर जा. पाच गुहा, दीडशेच्या वर बुद्धमूर्ती आणि छताचा इंच न् इंच रंगवलेला. छत सपाट नाही, खडकाच्या उंचसखलपणाबरोबर चित्रही वळतं, त्यामुळे कापडाचा चांदवा ताणून बांधल्यासारखा दिसतो. दुसऱ्या गुहेत बुद्धाच्या शेजारी विष्णूही उभा आहे. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि दगडी अंगण उन्हाने भाजतं. जाड मोजे पिशवीत असू द्या, ते चालतात.

उरलेल्या दिवसात अनुराधपुर आणि पोलोन्नारुवा यांतलं एक निवडा. दोन्ही एका दिवसात करता येतात, पण करू नका.

पोलोन्नारुवा बघायला सोपं आहे. अवशेष दाटीने आहेत, जमीन सपाट, दारातच भाड्याने सायकल मिळते. बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहूची ही राजधानी. पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला मिळू देऊ नका, असं तो म्हणाल्याचं तिथे लहान मुलांनाही पाठ असतं. चोळांनी बांधलेलं अकराव्या शतकातलं दगडी शिवालयही इथेच, आत अजून पिंडी आहे. गल विहारला मात्र वेळ राखून ठेवा. एकाच खडकाच्या भिंतीत चार मूर्ती, आणि त्यांतली निजलेल्या बुद्धाची सुमारे चौदा मीटर लांब. जवळ जाऊन उशी बघा. डोक्याच्या भाराने ती किंचित दबलेली कोरली आहे. मग पावलांकडे जा. दोन पावलं अगदी जुळलेली नाहीत, वरचं थोडं मागे सरकलंय. झोपलेला माणूस पावलं जुळवून ठेवतो, इथे ती सुटली आहेत. हे महापरिनिर्वाण आहे, ते शिल्पकाराने एवढ्याशा फरकाने सांगितलं. मी तिथे अर्धा तास बसलो होतो.

अनुराधपुर अवाढव्य आहे आणि जिवंत आहे. अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेहून आणलेल्या फांदीपासून वाढलेला महाबोधी इथे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासून उभा आहे. इतक्या जुन्या काळापासून माणसाने लावून, नोंद ठेवून जपलेलं दुसरं झाड जगात नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष याच झाडाच्या फांद्यांचा, त्यामुळे विदर्भातले पुष्कळ लोक इथे येतात आणि त्या सोन्याच्या कठड्याशी येऊन शब्द न बोलता बसतात. जेतवनारामाचा विटांचा स्तूप बांधला तेव्हा १२२ मीटर उंच होता. गिझाचे दोन पिरॅमिड सोडले तर त्या काळच्या जगात त्याहून उंच काही नव्हतं. इथे दिवसभर गाडी लागते, पायी होत नाही. दुपारी बारा ते तीन झाडाखाली थांबा.

हत्ती बघायचे ते याच भागात. मिन्नेरिया तलाव कोरड्या दिवसांत आटतो, गाळपेरावर कोवळं गवत उगवतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात शेकडो हत्ती तिथे जमतात. इतर महिन्यांत ते कौडुल्ला किंवा हुरुलूच्या रानात सरकतात. तिकीट काढण्याआधी स्थानिक जीपवाल्याला विचारा, सध्या कळप कुठे आहे ते त्याला रोज ठाऊक असतं. साखळदंडातला, पाठीवर माणसं वाहणारा हत्ती मात्र बघायला जाऊ नका. दहा मैलांवर तोच प्राणी मोकळा फिरतोय.

देवळात कसं जायचं

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. पांढरे किंवा फिके कपडे घातले तर लोकांना बरं वाटतं. चपलांबरोबर टोपीही काढायची. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं हा तिथे गंभीर अपमान समजला जातो, आणि अंगावर बुद्धाचं चित्र गोंदवलेल्या पर्यटकांना परत पाठवल्याचं घडलंय. तमिळ देवळांत, विशेषतः नल्लूरला, पुरुषांना सदरा काढून आत जावं लागतं.

कँडी: साडेपाचला मंदिरात

दळदा मालिगाव म्हणजे बुद्धाच्या दंतधातूचं मंदिर. दिवसातून तीन पूजा होतात, पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. संध्याकाळचीच बघायची असेल तर साडेपाचला आत जा. आधी दारातल्या फुलवाल्यांकडून ताटली घ्या. निळी कमळं, पांढरा चाफा. कमळाच्या पाकळ्या फुलवाली बोटांनी एकेक करून बाहेर मुडपते, तेव्हा मिटलेली कळी बघताबघता उघडल्यासारखी होते. आईने तिच्याकडून ते शिकून घेतलं. भाषा येत नव्हती, दोघी नुसत्या हसत होत्या.

खालच्या चौकात ढोल आणि सनईसारखं होरणेव सुरू झालं की सरळ वरच्या मजल्यावर जा आणि रांगेत उभे राहा. दात दिसत नाही. तो एकात एक अशा करंडकांत असतो, आणि दिसतो तो बाहेरचा सोन्याचा स्तूपाच्या आकाराचा करंडक, तोही दोन-चार क्षण. रांग थांबत नाही. फुलं समोरच्या लांब मेजावर ठेवायची आणि पुढे सरकायचं. त्या दिवशी आई मेजापर्यंत पोचली, फुलं ठेवली आणि मागच्या लहान मुलीला बघता यावं म्हणून लगेच बाजूला झाली. मग भिंतीशी मांडी घालून बसली ती ढोल थांबेपर्यंत.

कँडी हे इंग्रजांनी १८१५ मध्ये घेतलेलं शेवटचं सिंहली राज्य. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बौद्ध परिषदेसाठी इथे आले होते, हे आपल्याकडच्या वाचकाला ठाऊक असावं. दुसऱ्या दिवशी पेरादेनियाचं वनस्पती उद्यान. महावेली नदी तीन बाजूंनी वळसा घालते, आत जायफळ, लवंग, दालचिनी जिवंत झाडावर बघायला मिळतात. तीन तास राखा. जुलै-ऑगस्टमधला एसळ पेरहर, हत्तींची मिरवणूक, बघायचा असेल तर खोली कित्येक महिने आधी घ्यावी लागते.

डोंगरातली आगगाडी आणि चहा

कँडी ते एला हा सहा-सात तासांचा प्रवास या देशातला सर्वांत देखणा. गाडी चहाच्या मळ्यांतून चढत पट्टिपोलाला सुमारे १,९०० मीटरवर पोचते आणि मग उतरते. आरक्षण साधारण महिनाभर आधी रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळावर उघडतं आणि काही तासांत संपतं. वातानुकूलित पहिल्या वर्गापेक्षा दुसऱ्या वर्गाचं आरक्षित आसन घ्या, त्याच्या खिडक्या उघडतात. दारात लोंबकळून फोटो काढू नका, बोगदे आणि फांद्या अगदी अंगालगत येतात. नोव्हेंबर २०२५ च्या दितवा चक्रीवादळाने या डोंगरी मार्गाचं फार नुकसान केलं. म्हणून आरक्षणाआधी गाडी कुठपासून कुठपर्यंत धावते आहे ते तपासा, आणि चालकाला सामान घेऊन रस्त्याने पाठवायचं असलं तरी ‘गाडी रद्द झाली तर’चा बेत आधी बोलून ठेवा.

चहाचा कारखाना एकच बघा, पण नीट बघा. पानं आधी रात्रभर हवेवर सुकवतात, मग लाटतात, मग ती आपोआप काळवंडतात, मग भट्टीत वाळवतात आणि चाळण्यांनी प्रत लावतात. १८६७ मध्ये जेम्स टेलरने लूलकॉन्डेरा मळ्यात चहाची पहिली व्यापारी लागवड केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत तांबेऱ्याने बेटावरची कॉफी मेली आणि डोंगरच्या डोंगर चहाखाली गेले. पानं खुडणाऱ्या बाया म्हणजे इंग्रजांनी तमिळनाडूतून आणलेल्या मजुरांच्या वारसदार. स्वातंत्र्य मिळताच १९४८ च्या कायद्याने त्यांचं नागरिकत्वच गेलं होतं, ते परत मिळायला अनेक दशकं लागली. पाठीवरच्या टोपलीचा फोटो काढण्याआधी विचारा, दोन शब्द बोला.

नुवारा एलियाजवळ सीता एलियाला ओढ्याकाठी सीतेचं छोटं देऊळ आहे. अशोकवन ते हेच, अशी श्रद्धा. खडकातले खळगे मारुतीची पावलं म्हणून दाखवतात. निसर्गाची ओढ जास्त असेल तर एलाची एक रात्र इथे काढून पहाटे हॉर्टन प्लेन्सला जा. साडेनऊ किलोमीटरची वर्तुळाकार पायवाट, मधे ‘वर्ल्ड्स एंड’चा सुमारे ८७० मीटरचा कडा. दहाच्या आत तिथे पोचा, नंतर धुकं सगळं गिळतं. प्लास्टिकची वेष्टनं दारातच काढून घेतात, खाऊ कागदात न्या.

एलाला नऊ कमानींचा पूल आहे, १९२१ चा, ९१ मीटर लांब. हॉटेलवाल्याला गाडीची वेळ विचारून अर्धा तास आधी चहाच्या उतारावर बसा.

दक्षिणेकडे

तिस्समहारामहून पहाटे ‘याला’ नावाचं अभयारण्य. बिबट्यांची इतकी दाट वस्ती जगात फार थोड्या ठिकाणी आहे, पण जीपाही तितक्याच दाट. एका बिबट्यामागे वीस जीपा लागलेल्या बघून मला वाईट वाटलं. शांतता हवी असेल तर वाट थोडी वाकडी करून उदवलवेला जा, तिथे हत्ती बाराही महिने दिसतात. ‘याला’ अभयारण्य सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बहुधा बंद असतं.

आदल्या संध्याकाळी वीसेक किलोमीटरवरच्या कतरगामाला जा. देव कार्तिकेय. हिंदू, बौद्ध, मुसलमान आणि रानातले वेद्दा, सगळे त्याला आपला मानतात. गाभाऱ्यात मूर्तीचं दर्शन नाही, समोर रंगवलेला पडदा असतो आणि लोक फळांची ताटं डोक्यावर घेऊन येतात. आपल्याकडे बायकांनी कार्तिकेयाचं दर्शन घेऊ नये म्हणतात. इथे बायकाच पुढे असतात.

गॉलचा किल्ला पोर्तुगीजांनी सुरू केला, डचांनी १६६३ पासून दगडात बांधून काढला. वेंगुर्ल्याची डच वखार बघितलेल्यांना तिच्या भिंतींची जाडी इथे आठवेल. २००४ च्या त्सुनामीत बाहेरचं शहर वाहून गेलं, तटाच्या आतली गल्ली बरीचशी वाचली. संध्याकाळी पाचला दीपगृहापासून तटावरून घड्याळाच्या बुरुजाकडे चालत जा, एवढंच करायचं. काठीवर बसलेले मच्छीमार आता बहुतेक फोटोसाठी बसतात आणि पैसे मागतात. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नका, ओढ जबर असते. डिसेंबर ते एप्रिल मिरिस्साहून देवमासे बघायला बोटी जातात. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी आदल्या रात्रीच घ्यावी.

काय खायचं

कोकणी माणसाला इथे घरी आल्यासारखं वाटतं. ‘इंदि आप्प’ म्हणजे आपले शिरवाळे, रसाऐवजी नारळाच्या दुधातल्या आमटीबरोबर. ‘आप्प’ हा आंबलेल्या तांदळाच्या पिठाचा, छोट्या कढईत फिरवून केलेला वाटीसारखा घावन. कडा कुरकुरीत, बूड मऊ. माशाच्या आंबट कालवणात ‘गोरका’ घालतात, तो आपल्या आमसुलाचा चुलतभाऊ. मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही, वर भेरली माडाच्या रसाची काकवी. ते रोज खा.

शाकाहारी लोकांनी एक शब्द पाठ करावा: ‘उंबलकड’. सुकवलेल्या माशाचा हा चुरा नारळाच्या चटणीत आणि भाजीतही पडतो, आणि स्वयंपाक्याला तो मासा वाटतच नाही. ‘मस एपा, मालु एपा, उंबलकड नॅतुव’ म्हणजे मांस नको, मासा नको, उंबलकडाशिवाय. सिंहली भाषा आपल्याच कुळातली. ‘दत’ म्हणजे दात, ‘अत’ म्हणजे हात, ‘किरी’ म्हणजे दूध, आपलं क्षीर. आभार मानायला ‘इस्तुती’ म्हणा, माणूस लगेच हसतो.

पाणी बाटलीचंच प्या. डासांचं मलम संध्याकाळीच नाही, दिवसाही लावा, डेंग्यू आहे. पर्जन्यवनात जळवा लागतात, आंबोलीच्या पावसात फिरलेल्यांना त्या नव्या नाहीत. तंबाखूची पुडी किंवा मीठ पुरतं. आजारी माणसासाठी १९९० या क्रमांकावर रुग्णवाहिका फुकट येते.

शेवटचा दिवस कोलंबोत

गॉलहून द्रुतगती मार्गाने दोन तासांत कोलंबो. दुपारच्या उन्हात राष्ट्रीय संग्रहालय. कँडीच्या राजाचं सिंहासन सगळे बघतात, तुम्ही गॉलला सापडलेला तीन भाषांचा शिलालेख शोधा. चिनी नौदलाच्या झेंग हेने १४०९ मध्ये कोरवून आणलेला. चिनी मजकुरात बुद्धाला दान, तमिळमध्ये विष्णूला, फारसीत अल्लाला. एकाच दगडावर. मग पेट्टा बाजार, तिथली लाल-पांढऱ्या विटांची मशीद, आणि बेइरा तलावातलं, वास्तुशिल्पी जेफ्री बावाने रचलेलं सीमा मालक हे बौद्ध मंदिर. ते पाण्यावर आहे, दहा मिनिटं नुसतं बसायला.

संध्याकाळी गॉल फेसच्या मैदानावर जा. गाड्यांवर कोळंबी लावलेले डाळीचे ‘इस्सो वडे’ तळत असतात, मुलं पतंग उडवतात, सूर्य समोर समुद्रात जातो. चहा आधीच शहरातल्या साध्या किराणा दुकानातून घ्या, विमानतळावर तोच चहा महाग पडतो. रात्रीचं विमान असेल तर चार तास आधी निघा. कटुनायकेचा द्रुतगती मार्ग पाऊण तासाचाही नाही, पण संध्याकाळी त्या मार्गाला लागेपर्यंतच शहरात तेवढा वेळ जातो.